शुक्रवारची आवराआवर

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही, लिहिलेलं निदान पुढे करता येतं. टिनेके म्हणाली, "बायको सोडून वहीशी बोलणार आता?" पण माझ्या ऑफिसचं ऐकून कान किटले, हेही तिनेच मला सांगितलंय.

तर मुद्दा असा की माझी घंटा गेली. पूल वर जायच्या आधी जी घंटा वाजते ती पाचाऐवजी आठ सेकंद वाजावी, म्हणून मी गेल्या आठवड्यात बदल केला होता. आज बघतो तर पुन्हा पाच. आणि मी ओळीत लावलेलं अख्खं पान पुन्हा विस्कटलेलं.

पुलाचा प्रोग्राम आमच्याकडे ओळीओळीने लिहीत नाहीत. पुलाने कधी काय करायचं ते खोके आणि बाण काढून दाखवायचं, त्या चित्राला म्हणायचं मॉडेल, आणि त्यातून प्रोग्राम आपोआप निघतो. हेमरडाइकच्या पुलाचं मॉडेल दोन गट मिळून करतात, आम्ही पाण्याच्या बाजूचे आणि ते रस्त्याच्या बाजूचे. जो तो आपापल्या प्रतीवर काम करतो, सोमवारी सगळ्या प्रती जोडायच्या. दोघांनी एकाच जागी हात घातला असेल तर संगणकावरचं जोडणीचं साधन तंटा दाखवतं, आणि कुणाचं ठेवायचं ते जोडणीला बसलेला माणूस ठरवतो.

सप्टेंबरपासून जोडणीला बसते रूलिन. रस्त्याच्या बाजूची, वय एकतीस, एका वर्षाच्या करारावर आलेली. जानेवारीत दोन्ही गट एक होणार आहेत आणि मॉडेलचा प्रमुख एकच राहणार आहे. मी एकवीस वर्षं इथे आहे. कुठेतरी पाणी मुरतंय एवढंच आज लिहितो.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

दुपारी नेहमीप्रमाणे आवराआवर. शुक्रवारी दोन वाजता मी पानं नीट लावून घेतो, दुसरं कुणी करत नाही. खोके नुसते सरकवले तर बाणांच्या गाठी होतात, म्हणून मी सगळे कापतो, कोरं पान घेतो आणि एकेक करून ओळीत चिकटवतो. तासाभराचं काम. पण पान असं दिसतं की बघत राहावं.

घंटा पुन्हा आठ केली. बघू या सोमवारी काय होतं.

रविवार, १२ ऑक्टोबर

टिनेके बटाट्याची सोलणी शोधत होती. मी काल स्वयंपाकघराचे खण लावले, तेव्हा पाहिल्याचं आठवत नाही. ती म्हणाली, "तू आवरलंस की माझं एक काहीतरी जातंच." चांगलं करायला जावं तर हे. शेवटी सुरीने सोलले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

घंटा पाच. पान विस्कटलेलं. योगायोग एकदा होतो.

रूलिनला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं. म्हटलं, "सोमवारच्या जोडणीत माझं काही गळतंय का?"

ती म्हणाली, "तुझं बरंच काही दोन-दोनदा येतं. एक काढावं लागतं." आणि मग माझ्याकडे नीट बघत, "वुब्बो, एक विचारू? तू खोके सरकवतोस की कापून चिकटवतोस?"

आजूबाजूला चार माणसं उभी होती. कापा-चिकटवा हे बालवाडीतल्या पोरांचं काम, रंगीत कागद आणि डिंक घेऊन करायचं. म्हणजे मी इतकी वर्षं तेच करतोय असं तिला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मी काम करतो." आणि कप तसाच ठेवून निघून आलो.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

दोन्ही गटांचं पहिल्यापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. आम्ही पूल 'उघडा' म्हणायचो तेव्हा तो वर असायचा, बोटींना वाट मोकळी. ते 'उघडा' म्हणायचे तेव्हा तो खाली असायचा, मोटारी चालू. एप्रिलमध्ये या एका शब्दावर तीन बैठका गेल्या. शेवटी शब्दच हद्दपार केला, आता नुसतं 'वर' आणि 'खाली'. तेव्हा रूलिन नवीन होती. तिनेच हे सुचवलं होतं आणि मी तिला शाबासकी दिली होती. आता वाटतं, पहिल्या महिन्यातच तिला आमच्या शब्दांत हात घालू दिला ही चूक झाली.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

आज दुपारी रूलिनने सफरचंदाचा केक आणला. कुणालाच कळेना कशासाठी. ती म्हणाली, "माझा वाढदिवस." मग सगळ्यांची धावपळ, रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, मीही हात मिळवला.

फोल्कर्ट, दोन्ही गटांचा साहेब, म्हणाला, "अगं, कॅलेंडरवर तर नाही." वाढदिवसांचं कॅलेंडर आमच्याकडे संडासाच्या दाराला आतून टांगलेलं असतं, जसं सगळ्यांच्या घरी असतं तसं. रूलिन म्हणाली, "मी आल्याआल्या लिहिलं होतं. सप्टेंबरात नवीन कॅलेंडर लागलं त्यावर नाही आलं." आणि हसली.

ते नवीन कॅलेंडर मी लावलंय. जुन्यावर जो तो शिसपेन्सिलीने खरडायचा, खाडाखोड, बघवत नव्हतं. माझ्या वहीत सगळ्यांची यादी आहे, तिच्यावरून शाईने, सुवाच्य अक्षरात उतरवलं. आता कुणी परस्पर जाऊन जुन्यावर काही लिहिलं असेल तर ते मला कसं कळणार? चारचौघांत बोलून दाखवायची काय गरज होती?

मला केकचा कडेचा तुकडा मिळाला. नोंद केली.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आवराआवर. आज रस्त्याच्या बाजूची पानंही लावून घेतली, फाटकांचं पान तर पार गिचमिड होतं. कुणी आभार मानणार नाही, माहीत आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

यादी करतोय. कुठल्या तारखेला काय गेलं. घंटा चार वेळा, बोटींचा लाल दिवा दोनदा, वाऱ्याचा जोर जास्त असताना पूल हळू उचलायचा नियम एकदा. किरकोळ आणखी चार. एकूण अकरा. प्रत्येक वेळी जोडणीला रूलिनच होती.

टिनेकेला यादी दाखवली. तिने चष्मा लावून सगळी वाचली आणि म्हणाली, "साप साप म्हणून भुई धोपटतोयस तू."

"मग अकरा गोष्टी पाय फुटून गेल्या?"

"तिला विचार ना सरळ."

"विचारलं. तर मलाच बालवाडीत बसवलं."

"तिने काय विचारलं होतं नक्की?"

मी सांगितलं. टिनेके म्हणाली, "मग तू उत्तर काय दिलंस?" बायका एकमेकींची बाजू घेतात, भेट झालेली नसली तरी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

फोल्कर्टच्या खोलीत गेलो. म्हटलं, पुढच्या सोमवारची जोडणी मी करतो. गुरुवारी चाचणी आहे, हेमरडाइकचा पूलवाला येल्टे येणार, प्रांत सरकारचे लोक येणार, तेव्हा अनुभवी माणूस असलेला बरा.

फोल्कर्टला कुठलीच भानगड नको असते. म्हणाला, "रूलिनची हरकत नसेल तर कर बाबा."

तिची हरकत नव्हती. उलट म्हणाली, "बरं झालं, तूच बस एकदा. म्हणजे दिसेल तुला." हे कसलं बोलणं? धमकीच झाली ही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

राग अजून गेलेला नाही.

जोडणीला बसलो. एक्केचाळीस तंटे. आणि जवळजवळ प्रत्येकावर एकच वाक्य: 'हा खोका वुब्बोने काढला. याच खोक्यात रूलिनने बदल केला. कोणाचं ठेवायचं?'

मी काढला? या सहा महिन्यांत मी एकही खोका काढलेला नाही. सगळे खोके जागेवर आहेत, माझ्या प्रतीत, ओळीत, मी स्वतः शुक्रवारी लावलेले. म्हणजे माझ्या नावाने कुणीतरी दुसरंच खोके काढतंय. दुसरंच म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. माझा पासवर्ड टेबलाच्या खणात चिकटवलेला आहे आणि तिचं टेबल माझ्यापासून सहा पावलांवर. आता कळलं 'दिसेल तुला' म्हणजे काय.

एकेक तंटा उघडून बघण्यात अर्थच नव्हता. खोट्या कागदाचं वाचन कोण करतं? एक्केचाळीसच्या एक्केचाळीस ठिकाणी 'वुब्बोचं' म्हटलं आणि जोडणी संपवली.

घंटा आठ सेकंद. पान सरळ. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

गुरुवार, २० नोव्हेंबर

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

चाचणी पडद्यावर होती, खरा पूल नाही, हे देवाचे उपकार. येल्टे मधोमध बसला, समोर बटणं. पासष्टीला आलेला माणूस, तीस वर्षं पूल वर-खाली केलेले. पडद्यावर रस्ता, मोटारी थांबल्या, दिवे लाल झाले, घंटा वाजली, आठ सेकंद. मी मनात मोजले. फाटकं खाली आली. पुलाच्या मधोमध एक सायकलवाली राहिली होती, ती चाचणीसाठी मुद्दामच ठेवतात. येल्टेने सुरुवातीला बटण एकदाच दाबलं होतं, आता हात वर घेऊन पडद्याकडे बघत बसला.

पूल वर जायला लागला. सायकलवालीसकट.

येल्टे म्हणाला, "मी अजून दुसऱ्यांदा दाबलेलंच नाही." त्याचा हात तसाच वर होता.

फाटकं पडल्यावर पूलवाल्याने कॅमेऱ्यात बघायचं, पूल रिकामा आहे याची खात्री करायची आणि बटण पुन्हा दाबायचं, तोवर पूल हलता कामा नये. हा नियम येल्टेनेच मागितला होता. फाटकांच्या पानावर रूलिनने घातला होता. आज तो तिथे नव्हता.

रूलिन उठून उभी राहिली. म्हणाली, "नियम होता. शुक्रवारी माझ्या प्रतीत होता. सोमवारी कुठे गेला?" आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "रस्त्याची बाजू तुझी आहे, ना? मग मला काय विचारतेस?"

प्रांताची बाई वहीत काहीतरी लिहीत होती. येल्टे जाताना फक्त म्हणाला, "माझ्या पुलावर मुलं सायकलवरून शाळेत जातात हो."

फोल्कर्टने सगळ्यांसमोर विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. मी म्हणालो, माझ्याकडे लेखी आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

यादी दिली. अकराची आता एकोणीस झाली होती. खाली माझ्या नावाने खोके काढल्याचंही लिहिलं, तंट्यांच्या पानाची छापील प्रत जोडली. फोल्कर्टने दोनदा विचारलं, "खात्री आहे? तिच्या कराराचा निर्णय मला महिनाअखेरच्या आत कळवायचाय, आणि हे वाचून मी तिला ठेवू शकत नाही."

मी म्हणालो, "मी फक्त घडलं ते लिहिलंय."

घरी आल्यावर बरं वाटायला हवं होतं. टिनेकेने विचारलं, काय झालं. म्हटलं, न्याय झाला. तिने ताकाचा पेला पुढे ठेवला. आज आवराआवर राहून गेली.

बुधवार, २६ नोव्हेंबर

फोल्कर्टने रूलिनला पत्र दिलं. करार पुढे चालू राहणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली. मी ब्रेड-चीज खात होतो. वाटलं ओरडेल. ओरडली नाही.

"तुझी तक्रार वाचली," ती म्हणाली. "तुझा पासवर्ड खणात असतो हे मला त्यातूनच कळलं. बदल तो."

मी खण लावून घेतला.

"एकदा विचारलं होतं, परत विचारते. तू खोके सरकवतोस की कापून चिकटवतोस?"

मी चीजच्या कागदाची घडी घालायला लागलो.

"मी टोमणा मारत नव्हते रे. खोक्याच्या पोटात एक आकडा असतो, गुणधर्म उघडले की सगळ्यात खाली. मीही पहिल्या नोकरीत तीन आठवडे घोळ घातला होता तेव्हा कुणीतरी दाखवला. एकदा खोका सरकव आणि आकडा बघ. मग कापून चिकटव आणि बघ. बस्स, एवढंच." आणि गेली.

जाताजाता पण मास्तरकी. बघणार नाही असं ठरवलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

दोन वाजता आवराआवरीला बसलो. 'फाटकं खाली' हा खोका सरकवला. गुणधर्म उघडले, सगळ्यात खाली गेलो. आकडा ४१७. पुन्हा सरकवला. ४१७.

कापला. कोऱ्या पानावर चिकटवला. २०८६.

वाटलं साधन बिघडलंय. दुसरा खोका घेतला. कापला, चिकटवला, नवीन आकडा. तिसरा. चौथा. अकरा खोके केले, अकराही वेळा.

साधन नाव बघत नाही, जागा बघत नाही, आकडा बघतं. मी कापून चिकटवलं की त्याच्या लेखी जुना खोका मी काढून टाकला आणि त्याच नावाचा नवीनच एक आणला. तिने केलेला बदल जुन्याला धरून राहिलेला. दर सोमवारी ती माझे काढलेले खोके परत आणत होती आणि डबल झालेल्यांतला एक काढत होती, आणि त्या काढलेल्यांत माझी घंटा जात होती. ती माझंच निस्तरत बसली होती, इतके आठवडे. आणि ज्या सोमवारी निस्तरायला ती नव्हती, मी होतो, त्या सोमवारी येल्टेचा नियम गेला. एक्केचाळीस वेळा साधनाने मला स्वच्छ सांगितलं, वुब्बोने काढला. एक्केचाळीस वेळा खरं सांगितलं.

उठून संडासात गेलो, बसायला नव्हे, कुणी बघू नये म्हणून. कडी लावली आणि दारावर समोर ते कॅलेंडर. माझं सुवाच्य अक्षर. २१ ऑक्टोबरची जागा कोरी.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात इतकी वाटली नव्हती.

तसाच फोल्कर्टच्या खोलीत गेलो आणि सांगितलं. त्याला समजेना, मग त्याच्याच संगणकावर करून दाखवलं. ४१८ चा ३१०२. त्याने तो आकडा कागदावर लिहून घेतला. मग म्हणाला, "पत्र मागे घेता येईल. पण ती घेऊ देईल का, ते मला माहीत नाही. आणि वुब्बो, हे तू सगळ्यांसमोर सांगायचंस. मी नाही सांगणार."

घरी टिनेकेला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, मी म्हणतच होते. तिने ऐकून घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मग माझी सोलणी?"

सोमवार, १ डिसेंबर

नऊ वाजता कॉफीला उभा राहिलो आणि सांगितलं. वाक्यं पाठ केली होती, पहिल्यानंतरची विसरलो. "मी कापून चिकटवतो" इथून सुरुवात केली. कुणीतरी हसलं, मग समजल्यावर थांबलं. रूलिन खिडकीपाशी उभी होती, कप दोन्ही हातांत धरून.

मी म्हणालो, "तक्रारीतलं एकही वाक्य खरं नाही. तिचं पत्र मागे घ्यावं अशी माझी विनंती आहे." फोल्कर्ट म्हणाला, पत्र मागे घेतलंच आहे, आता तिच्यावर आहे.

रूलिन म्हणाली, "डेव्हेंटर शहरातल्या एका कंपनीचं बोलावणं होतं. मी नाही म्हणत होते, इथला पूल पुरा करायचा होता म्हणून. बुधवारी संध्याकाळी त्यांना हो सांगून टाकलं. सही झाली." मग माझ्याकडे वळून, "शुक्रवारीच बघितलंस ना? दोन दिवस आधी बघायला हवं होतंस."

बरोबर आहे. मी बघणार नाही असं ठरवलं होतं, मागच्याच पानावर लिहिलंय.

मग ती म्हणाली, "चल, जोडणी राहिलीय."

दोघं एका पडद्यापुढे बसलो. मी १७ तारखेला केलेली जोडणीही रद्द करून पुन्हा करायची होती, त्रेसष्ट तंटे. ती प्रत्येक तंटा उघडायची, दोन्ही बाजू दाखवायची आणि विचारायची, "तुझं की माझं?" मी म्हणायचो, "तुझं." येल्टेचा नियम आला. "तुझं." फाटकांचे दिवे आले. "तुझं." तिसाव्याला ती वैतागली. "नीट बघून सांग. सगळं माझं म्हणणं म्हणजे पण न बघणंच."

मग नीट बघायला लागलो. साडेबारापर्यंत बसलो. सेहेचाळिसाव्याला घंटा आली, एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला आठ. मी म्हणालो, "तुझं. पाच."

"नाही," रूलिन म्हणाली. "आठच हवी. येल्टेही म्हणाला होता, म्हाताऱ्या माणसांना पाच सेकंदांत पुलावरून उतरता येत नाही. मला हे आधीच कळायला हवं होतं, पण दर वेळी ती तुझ्या डबल खोक्यात असायची." आणि तिने स्वतः 'वुब्बोचं' वर बोट ठेवलं.

मला पडदा नीट दिसेना. खोकल्यासारखं केलं.

मंगळवार, २ डिसेंबर

सकाळी सगळ्यांच्या आधी आलो. कॅलेंडरवर २१ ऑक्टोबरला रूलिनचं नाव लिहिलं. २० आणि २२ ची नावं मी मोठ्या अक्षरांत लिहिलेली, त्यामुळे जागा कमी पडली, अक्षरं वाकडी गेली, शेवटचं अक्षर तर २२ वर चढलं. नवीन कॅलेंडर आणून सगळं पुन्हा उतरवावं असं क्षणभर मनात आलं. नाही आणलं.

दुपारी ती संडासातून बाहेर आली आणि माझ्या टेबलापाशी थांबली. "पुढच्या ऑक्टोबरात मी इथे नसणार, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हणालो.

"मग केक कोण आणणार?"

"मी आणतो."

"मधला तुकडा पाठव मग," ती म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे गेली.